ऊन आणि ओझे

प्रस्तावना

बैलगाडीच्या चाकावर लोखंडी धाव चढवताना पाहिलेली पिढी आता विरळ होत चालली आहे. धावेचा घेर चाकाच्या घेरापेक्षा मुद्दाम थोडा कमी ठेवायचा. गोवऱ्या रचून ती लाल होईपर्यंत तापवायची, फुगली की सांडशीने उचलून चाकावर बसवायची आणि लगेच पाणी ओतायचे. लोखंड आकसू लागते, पण आत चाक असल्यामुळे त्याला हवे तेवढे आकसता येत नाही. त्या अडलेल्या आकसण्याच्या जोरावर तुंबा, आरे आणि पुठ्ठे एकमेकांत घट्ट बसतात आणि पुढे कित्येक वर्षे बसलेले राहतात.

लोहाराकडे थर्मामीटर नव्हता. पण दोन गोष्टी त्याला पक्क्या ठाऊक होत्या. लोखंड तापले की वाढते, ही एक. वाढायला किंवा आकसायला अडवले की त्यात जोर भरतो, ही दुसरी. या दोन गोष्टी मोजमापात एकमेकींपासून वेगळ्या कशा ठेवायच्या, एवढाच या पुस्तकाचा विषय आहे. मोजणारे साधन मात्र लोहाराच्या स्वप्नातही आले नसते असे आहे: काचेचा केसाएवढा तंतू आणि त्यातून जाणारा प्रकाश.

विषयात शिरण्यापूर्वी एका शब्दाचा निकाल लावू. वस्तूवर जोर आला की ती किंचित लांबते किंवा आखडते. मूळ लांबीच्या प्रमाणात हा बदल किती, त्याला स्ट्रेन म्हणतात. पाठ्यपुस्तकांनी त्याला ‘विकृती’ हा प्रतिशब्द दिला. तो चुकीचा नाही. पण ‘पुलात विकृती आढळली’ अशी बातमी छापून आली तर वाचक काय समजेल ते सांगायला नको. भोसरीच्या कारखान्यात, धरणाच्या गॅलरीत, मेट्रोच्या साइटवर सगळे स्ट्रेनच म्हणतात, म्हणून या पुस्तकातही स्ट्रेनच आहे. ‘ताण’ हा शब्द मी स्ट्रेससाठी, म्हणजे पदार्थाच्या आत दर चौरस मिलिमीटरवर भरलेल्या जोरासाठी राखून ठेवला आहे. हा भेद आताच पक्का करून घ्यावा. पुढची निम्मी गंमत आणि निम्मे घोटाळे त्यातूनच निघतात.

मार्चमधला एक दिवस

स्ट्रेन मोजायचा तो मायक्रोस्ट्रेनमध्ये. एक किलोमीटर लांबीची सळई एक मिलिमीटरने वाढली, तर तो एक मायक्रोस्ट्रेन. भरलेला ट्रक पुलावरून गेला की तुळईत उठणारा स्ट्रेन बहुधा दोन अंकी असतो. आपण पन्नास धरू. आता पुण्यातला मार्चमधला एखादा दिवस घ्या. पहाटे अंगावर शाल, दुपारी डोक्यावर रुमाल. पोलादाची तुळई सकाळपासून दुपारपर्यंत पंधरा अंशांनी सहज तापते. पोलाद दर अंशाला सुमारे १२ मायक्रोस्ट्रेनने वाढते, म्हणजे १८० मायक्रोस्ट्रेन झाले. पुलावर अजून एक सायकलसुद्धा आलेली नाही. ज्याला ट्रकचे ओझे मोजायचे होते, त्याच्या वहीत उन्हाचे ओझे आधी लिहिले गेले.

ही अडचण कोणत्याही स्ट्रेनमापकाला येते. प्रकाशावर चालणाऱ्या सेन्सरला ती दुप्पट भोगावी लागते, कारण त्याची काच स्वतःही उन्हाला दाद देते. ते कसे, हे समजायला ब्रॅग ग्रेटिंगची रचना पाहू. तंतूची जाडी १२५ मायक्रोमीटर, आणि मधोमध आठ-नऊ मायक्रोमीटरचा गाभा, ज्यातून प्रकाश धावतो. गाभ्याच्या सेंटिमीटरभर लांबीत अतिनील प्रकाशाने ठरावीक अंतरावर काचेचा अपवर्तनांक किंचित वाढवला, की तिथे जणू विरविरीत पडद्यांची रांग उभी राहते. दोन पडद्यांमधले अंतर अर्ध्या मायक्रोमीटरहून थोडे जास्त. सेंटिमीटरभरात असे अठरा हजारांवर पडदे. प्रत्येक पडद्यावरून प्रकाशाचा अगदी थोडा अंश मागे फिरतो. ज्या एका तरंगलांबीसाठी ही सगळी मागे फिरलेली चिमूटभर किरणे एका तालात येतात, ती तरंगलांबी ठसठशीतपणे परत येते. बाकीचा प्रकाश पुढे निघून जातो. परतणारी तरंगलांबी म्हणजे अपवर्तनांक आणि पडद्यांतले अंतर यांच्या गुणाकाराची दुप्पट.

तंतू ताणला की पडद्यांतले अंतर वाढते आणि परतणारी तरंगलांबी सरकते. १५५० नॅनोमीटरच्या आसपास हे सरकणे एका मायक्रोस्ट्रेनला सुमारे १.२ पिकोमीटर असते. पण तंतू नुसता तापला तरी काचेचा अपवर्तनांक वाढतो, आणि सैल ठेवलेल्या तंतूतही एका अंशाला तरंगलांबी सुमारे १० पिकोमीटरने सरकते. म्हणजे एका अंशाची तापमानवाढ साधारण आठ मायक्रोस्ट्रेनचा वेष घेऊन येते. सेन्सरला वेष ओळखता येत नाही. तरंगलांबी सरकली एवढेच त्याला कळते.

आता त्या मार्चच्या दिवसाचा हिशेब पुरा करू. पंधरा अंशांनी काचेतच सुमारे १२५ मायक्रोस्ट्रेनचा भास निर्माण झाला. त्यात पोलादाची खरीखुरी १८० ची वाढ मिळाली. यंत्राच्या पडद्यावर तीनशेच्या वर आकडा दिसतो, आणि ट्रकचे पन्नास अजून यायचेच आहेत.

कोणते ऊन वजा करायचे?

इथे नवशिका अभियंता म्हणतो, ‘मग तापमानाचा परिणाम वजा करून टाका.’ माझा त्याला प्रतिप्रश्न असतो: कोणता परिणाम?

काचेचा भास वजा करायला कोणाची हरकत नाही. तो पुलात कधी नव्हताच. पोलादाची मोकळी वाढ मात्र खरी आहे. ती धोकादायक नाही, कारण तुळईला सरकायला बेअरिंगवर जागा ठेवलेली असते आणि मोकळ्या वाढीत ताण नसतो. पण बेअरिंग गंजून अडकले तर? तुळई पंधरा अंशांनी तापते, पण तिला वाढता येत नाही. तिची लांबी बदलत नाही, म्हणून काचेचा भास काढून टाकल्यावर सेन्सर शून्य स्ट्रेन दाखवतो. पोलादात मात्र सुमारे ३६ मेगापास्कलचा दाब भरलेला असतो. लोहाराच्या धावेसारखीच ही गत आहे. फक्त इथे ती कोणी मुद्दाम केलेली नाही. उलट, सेन्सरने मोकळी वाढ दाखवली असती तर पूल ठणठणीत आहे असे समजले असते. एकाच पुलावर १८० चा आकडा निर्धोक ठरू शकतो आणि शून्याचा आकडा धोक्याची घंटा ठरू शकतो. कोणता आकडा कसा वाचायचा, हे तापमान ठाऊक असेल तरच सांगता येते.

या पुस्तकामागची माझी भूमिका हीच आहे. या क्षेत्राच्या भाषेत ‘तापमान भरपाई’ हा शब्द रुळला आहे, आणि त्यामुळे तापमान हा पुसून टाकायचा डाग आहे असा समज पसरतो. तापमान हा दुसरा प्रश्न आहे. तो स्वतंत्र विचारला, त्याचे उत्तर स्वतंत्र नोंदवले, तरच पहिल्या प्रश्नाचे उत्तर वाचता येते.

जुने प्रश्न, जुन्या युक्त्या

उष्णतेने लांबी बदलते आणि मोजणारी पट्टीसुद्धा बदलते, ही डोकेदुखी प्रकाशतंतूपेक्षा फार जुनी आहे. अठराव्या शतकात जॉन हॅरिसनने घड्याळाच्या लंबकात पितळ आणि पोलाद यांच्या कांड्या अशा जोडल्या की एकीची वाढ दुसरीने खाऊन टाकावी. हीच कल्पना हिंदुस्थानच्या महासर्वेक्षणात आली. जॉर्ज एव्हरेस्टने १८३१-३२ साली कलकत्त्याजवळची आधाररेषा मोजली ती कॉलबीच्या पट्ट्यांनी. लोखंड आणि पितळ यांच्या दहा फुटी पट्ट्या शेजारीशेजारी जोडून, दोन्ही किती वाढल्या तरी टोकांजवळच्या दोन खुणांमधले अंतर हलू नये, अशी त्यांची रचना होती. उन्हाच्या देशात लांबी मोजायची तर आधी उन्हाशी तह करावा लागतो, हे या मातीवर सुमारे दोनशे वर्षांपूर्वीच कळून चुकले होते. दुसरी युक्ती शार्ल गियोमने १८९६ साली दाखवली: जवळजवळ न वाढणारा निकेल-पोलादाचा मिश्रधातू, इनव्हार. त्यासाठी १९२० साली त्याला नोबेल मिळाले.

स्ट्रेनमापनाची वाट वेगळीकडून आली. तार ताणली की तिचा विद्युतरोध बदलतो, हे लॉर्ड केल्व्हिनने १८५६ साली नोंदवले. त्याचा व्यवहारी उपयोग व्हायला १९३८ साल उजाडले. त्या वर्षी अमेरिकेत एडवर्ड सिमन्स आणि आर्थर रूज यांनी एकमेकांना न कळत बारीक तारेचा चिकटवता येणारा स्ट्रेन गेज तयार केला. रूज भूकंपात उंच पाण्याच्या टाक्यांचे काय होते याचा अभ्यास करत होता. हा गेजही तापमानाला फसतो. त्यावर तिसरी युक्ती निघाली: भार नसलेल्या त्याच धातूच्या तुकड्यावर तसाच दुसरा गेज चिकटवायचा, दोन्ही व्हीटस्टन ब्रिज या विद्युत मंडलाच्या शेजारच्या बाजूंत जोडायचे. दोन्ही सारखे तापले की परिणाम आपोआप रद्द होतो. पुण्यातल्या कोणत्याही टेस्टिंग लॅबमध्ये त्याला ‘डमी गेज’ म्हणतात.

उलट दिशेने जाणाऱ्या जोड्या, न बदलणारा पदार्थ आणि शेजारी बसवलेला साक्षीदार, या तीन युक्त्या वाचकाने ध्यानात ठेवाव्यात. प्रकाशाच्या जगात त्या नव्या कपड्यांत पुन्हा भेटतात. चौथी मात्र प्रकाशाने स्वतःच आणली.

तंतू बोलू लागला

नरिंदर सिंग कपानी आणि हॅरोल्ड हॉपकिन्स यांनी १९५४ साली काचतंतूंच्या जुडग्यातून प्रतिमा नेऊन दाखवली. चार्ल्स काव यांनी १९६६ साली सांगितले की काच पुरेशी शुद्ध केली तर तीतून दूरवर संदेश जातील. १९७० साली कॉर्निंग कंपनीने तसा तंतू काढला. संदेश वाहणाऱ्यांना तंतूचा एक दोष सतावत होता: त्याला दाबले, वाकवले, तापवले की आतला प्रकाश बिथरतो. काही लोकांनी या दोषाकडे उलटे पाहिले. बिथरण्यावरून दाब, वाक आणि ताप ओळखता येईल, असे त्यांच्या लक्षात आले. नारायणगावजवळच्या खोडदच्या महादुर्बिणीत तीस अँटेना प्रकाशतंतूंनी केंद्राशी जोडलेल्या आहेत. तिथला अभियंता तंतूने ऊन ‘ऐकू’ नये म्हणून झटतो; आपण त्याने ऐकावे म्हणून झटतो. तंतू मात्र एकच.

१९७८ हे या क्षेत्राचे जन्मवर्ष मानायला हरकत नाही. त्या वर्षी बटर आणि हॉकर यांनी प्रकाशतंतूचा स्ट्रेन गेज मांडला. त्यात दोन तंतूंतल्या प्रकाशाच्या व्यतिकरणाने लांबीतला फरक मोजला जाई. त्याच वर्षी कॅनडात ओटावा येथे केन हिल आणि त्यांचे सहकारी जर्मेनियम मिसळलेल्या तंतूत आरगॉन लेसरचा प्रकाश सोडत होते. काही मिनिटांत परत येणारा प्रकाश वाढू लागला. पुढे जाणाऱ्या आणि मागे फिरणाऱ्या लहरींनी मिळून काचेत स्वतःच पडद्यांची रांग कोरून काढली होती. काच प्रकाशाने कायमची बदलते, हा शोध असा लागला. पण कोरणाऱ्या प्रकाशाच्याच तरंगलांबीला ती रांग उपयोगी होती, म्हणून दहा वर्षे त्याचे फार काही झाले नाही. १९८९ साली जेराल्ड मेल्ट्झ आणि सहकाऱ्यांनी तंतूच्या बाजूने दोन अतिनील किरण तिरपे टाकून हव्या त्या अंतराचे पडदे कोरून दाखवले. १९९३ साली फेज मास्कची, म्हणजे नक्षी कोरलेल्या काचपट्टीतून अतिनील प्रकाश टाकून पडदे उमटवण्याची, रीत आली आणि ग्रेटिंग हे प्रयोगशाळेतले नवल न राहता कारखान्यातला माल झाला. त्याच वर्षी कॅनडातल्या कॅलगरी शहरात बेडिंग्टन ट्रेल पुलात अशी ग्रेटिंग्ज बसवली गेली. वयाच्या पंचविसाव्या वर्षी वडिलांसोबत नोबेल घेतलेल्या लॉरेन्स ब्रॅगने स्फटिकांतल्या अणूंच्या रांगांसाठी मांडलेला नियम असा पुलावर येऊन पोहोचला.

चार घराणी

संगीतातल्यासारखीच इथेही घराणी आहेत. प्रत्येकाचा राग एकच, गायकी वेगळी.

पहिले घराणे साक्षीदाराचे. स्ट्रेन मोजणाऱ्या ग्रेटिंगशेजारी दुसरे ग्रेटिंग बारीक नळीत सैल ठेवायचे. त्याला स्ट्रेन पोहोचत नाही, फक्त तापमान कळते. डमी गेजचाच हा वंशज. साधे, स्वस्त आणि आज प्रत्यक्ष कामांत सर्वाधिक दिसणारे. अट एकच: साक्षीदार खरोखर त्याच जागी हवा. तुळईच्या उन्हातल्या बाजूला सेन्सर आणि सावलीतल्या बाजूला साक्षीदार असेल, तर साक्ष खोटी ठरते. वाकणाऱ्या तुळईत या घराण्याची एक देखणी उपशाखा आहे. एक ग्रेटिंग वरच्या अंगाला, एक खालच्या. वाकल्यावर एक ताणले जाते, दुसरे दाबले जाते. तापमान दोघांना सारखे. वजाबाकी केली की तापमान जाते आणि स्ट्रेन दुप्पट होऊन हाती येतो.

दुसरे घराणे घडणीचे. हॅरिसनची आठवण करून देणारी आवरणे, ज्यांत दोन पदार्थांच्या असमान वाढीने तंतू तापताना सैल पडतो. किंवा तापमानाला कमी दाद देणारी रचना. दोन तंतूंच्या टोकांमध्ये हवेची फट ठेवून केलेला फॅब्री-पेरो सेन्सर या घराण्यातला. हवेचा अपवर्तनांक तापमानाने फारच कमी बदलतो, म्हणून काचेचा भासही कमी.

तिसरे घराणे समीकरणांचे, आणि ही प्रकाशाची स्वतःची देणगी. स्ट्रेन आणि तापमान असे दोन अज्ञात आहेत, तर दोन मोजमापे घ्या. साउदॅम्प्टनच्या संशोधकांनी १९९४ साली एकाच जागी ८५० आणि १३०० नॅनोमीटरची दोन ग्रेटिंग्ज वापरून हे दाखवले. पुढे वेगवेगळ्या जाडीचे तंतू जोडले गेले. आशिष वेंगसरकर आणि सहकाऱ्यांनी १९९६ साली मांडलेल्या लाँग पीरियड ग्रेटिंगची, म्हणजे पडद्यांमधले अंतर पुष्कळ मोठे असलेल्या ग्रेटिंगची, साध्या ग्रेटिंगशी जोडी जमवली गेली.

या घराण्याचा धोका समजायला मंडईत जाऊ. दोन किलो कांदे आणि तीन किलो बटाटे यांचे एक बिल. दुसरे बिल चार किलो कांदे आणि सहा किलो बटाट्यांचे. बिले दोन झाली, पण कांद्याचा भाव काही कळत नाही, कारण दुसरे बिल पहिल्याचीच दुप्पट आहे. समजा दुसऱ्या बिलात बटाटे सहा किलो शंभर ग्रॅम आहेत. आता भाव निघतो खरा. पण भाजीवाल्याने दोन रुपये वरखाली केले की काढलेला भाव कुठल्या कुठे जातो. दोन ग्रेटिंग्जची स्ट्रेन आणि तापमान यांना दाद देण्याची प्रमाणे एकमेकांशी मिळतीजुळती असली की नेमके हेच घडते. कागदावर उत्तर निघते, साइटवर ते थरथरते. लाँग पीरियड ग्रेटिंगचे महत्त्व इथे आहे: त्याचे प्रमाण साध्या ग्रेटिंगपेक्षा पुष्कळ वेगळे पडते. कोणताही निबंध वाचताना ‘दोन बिले किती वेगळी आहेत?’ हा प्रश्न आधी विचारावा.

चौथे घराणे अखंड तंतूचे. ग्रेटिंग न कोरता आख्ख्या तंतूतून मागे विखुरणारा प्रकाश ऐकायचा. या विखुरण्याचा एक प्रकार म्हणजे रामन विकिरण; त्यातल्या दोन घटकांच्या तीव्रतेचे गुणोत्तर तापमान सांगते आणि स्ट्रेनला दाद देत नाही. १९२८ साली रामन परिणामाचा शोध लागला. त्याच वर्षी हवामान खात्याचे मुख्यालय शिमल्याहून पुण्यात आले. ऊन मोजण्याचा तो योग चांगला जुळला होता म्हणायचा. ब्रिल्वां विकिरण हा दुसरा प्रकार मात्र दोघांचेही ऐकतो: त्याची वारंवारता एका अंशाला सुमारे एक मेगाहर्ट्झने सरकते, आणि वीस मायक्रोस्ट्रेनलाही तेवढीच. म्हणून एक तंतू संरचनेला घट्ट चिकटवलेला आणि एक नळीत सैल, अशी जोडी टाकतात. तंतूच्या अंगी अखंड कान आले, तरी साक्षीदार सुटला नाही.

अलीकडे पाचवे घराणे उदयाला आले आहे, ते गणकाचे. महिनोन्‌महिने नोंदी घेऊन दिवस-रात्रीचे चक्र संगणकाने ओळखायचे आणि काढून टाकायचे. त्याची ताकद मोठी आहे, पण एक खोच आहे. बेअरिंग हळूहळू अडकू लागले तर त्याची पहिली खूण त्या दिवस-रात्रीच्या चक्रातच उमटते. चक्र निमूटपणे पुसणारा संगणक तीही पुसतो.

पुणे आणि हा प्रश्न

हे पुस्तक पुण्यात लिहिले गेले, याला कारण आहे. या प्रश्नाचे जवळजवळ सगळे ग्राहक इथे एका दिवसाच्या फेरीत भेटतात. खडकवासल्याचे केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन केंद्र १९१६ पासूनचे; धरणांच्या अंगात काय चालले आहे ते मोजणे हे त्यांचे नित्याचे काम. दिघीला लष्करासाठी पूल घडवणारी संरक्षण संशोधनाची आस्थापना आहे. वेताळ टेकडीवर १९६६ पासून वाहनांच्या चाचण्या घेणारी एआरएआय आहे, जिथे चासीवर स्ट्रेन गेज चिकटवणे हा रोजचा रिवाज. प्रकाशतंतूच्या केबल बनवणारी फिनोलेक्स आणि तंतूच्या काचेपासून केबलपर्यंत सारे करणारी एसटीएल यांची मुख्यालये याच शहरात आहेत. १८५४ चे अभियांत्रिकी महाविद्यालय तर आहेच. तंतू आहे, पूल आहेत, धरणे आहेत, शिकणारी मुले आहेत. मराठीतून ही मंडळी एकमेकांशी बोलतात, पण या विषयावरचे मराठी पान त्यांच्यासमोर नाही.

गरज का वाढली आहे, तेही सांगायला हवे. पुण्यात मेट्रोचे खांब नदीकाठी उभे राहिले आणि बोगदे पेठांखालून गेले. शेजारच्या जुन्या बांधकामांवर लक्ष ठेवणे आता चैनीचे राहिलेले नाही. विजेच्या गाड्यांत मोटारीच्या आसपास तारेच्या गेजमध्ये विद्युत गोंगाट शिरतो. काचेच्या तंतूला त्याची बाधा नाही. बॅटरीचा सेल चार्ज होताना फुगतो आणि त्याच वेळी तापतो. ऊन आणि ओझे इतके गुंतलेले उदाहरण दुसरीकडे क्वचितच मिळेल. साताऱ्याकडच्या वनकुसवडे-चाळकेवाडीच्या पठारावर फिरणाऱ्या पवनचक्क्यांच्या पात्यांत तांब्याची तार नेणे म्हणजे विजेला आमंत्रण. तिथेही काच बरी.

आणि पूल. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्रीवरचा जुना दगडी पूल पुरात गेला. १५ जून २०२५ ला मावळात कुंडमळा येथे इंद्रायणीवरचा लोखंडी पादचारी पूल माणसांसह कोसळला. सेन्सर असते तर हे टळले असते, असे लिहिणे सवंग ठरेल. कुंडमळ्याचा पूल धोक्याचा आहे हे सांगायला प्रकाशतंतूची गरज नव्हती. इशारा आधीच दिलेला होता. सेन्सर फक्त सांगतो, ऐकायचे काम माणसांचे. पण ऐकणाऱ्याला विश्वास वाटेल असा आकडा देणे हे आपले काम आहे. दर दुपारी उन्हामुळे खोटी घंटा वाजवणारी यंत्रणा महिन्याभरात कोणीतरी बंद करून टाकतो. मग खऱ्या घंटेच्या दिवशी ती मुकीच असते. ऊन आणि ओझे वेगळे करण्याची निकड इथून येते.

या पुस्तकाकडून काय अपेक्षा ठेवावी

हे पुस्तक तीन वाचक डोळ्यांसमोर ठेवून लिहिले आहे: डिप्लोमा किंवा पदवीचा विद्यार्थी, साइटवरचा उपअभियंता, आणि ज्याला या विषयाचे नुसतेच कुतूहल आहे असा वाचक. गणित बारावीच्या पलीकडे फारसे जात नाही. जिथे जाते तिथे आकडे घालून सोडवलेले उदाहरण दिले आहे, कारण सूत्र पाठ असूनही १० पिकोमीटर म्हणजे किती हे न समजणारे अनेक विद्यार्थी मी पाहिले आहेत.

मांडणी घराण्यांप्रमाणे नाही, कामांप्रमाणे आहे. प्रत्येक ठिकाणी आधी विचारले आहे की इथे कोणाला काय जाणून घ्यायचे आहे: काचेचा भास काढायचा आहे, की मोकळी वाढ, की अडलेल्या वाढीचा ताण शोधायचा आहे. उपाय त्यानंतर. म्हणून एकाच प्रकारचा सेन्सर काही पानांवर गुणी आणि काही पानांवर निरुपयोगी ठरलेला दिसेल. तो विरोधाभास नाही.

पुस्तकात चिकटवण्याला बरीच जागा दिली आहे, याचे काही जणांना नवल वाटेल. पण तंतू आणि पोलाद यांच्यामध्ये जे एपॉक्सी असते, ते वैशाखात मऊ पडले तर तंतूपर्यंत स्ट्रेन पूर्ण पोहोचत नाही, आणि तो दोष पुन्हा तापमानाचाच मुखवटा घालतो. स्प्लाइसिंगची, म्हणजे तंतू सांधण्याची, काळजी, कनेक्टरवरची धूळ, पावसाळ्यात जंक्शन बॉक्समध्ये साठणारे पाणी, केबल कुरतडणारे उंदीर या गोष्टी शोधनिबंधांत येत नाहीत. इथे आल्या आहेत. तरंगलांबी वाचणाऱ्या यंत्राला सगळीकडे ‘इंटरॉगेटर’ म्हणतात, तेच नाव ठेवले आहे. चौकशी करणाऱ्याने दोन प्रश्न विचारायला हवेत हे त्या नावातच आले. कंपन्यांची किंमतवार तुलना मात्र नाही. ती छापून होईपर्यंत शिळी होते.

वाचकाला एकच विनंती करून थांबतो. पुस्तक वाचून तुम्ही पहिला सेन्सर बसवाल, तेव्हा हात शिवशिवतील: ट्रक बोलवावा, वजन टाकावे, आकडा हलताना पाहावा. थांबा. पुलाच्या भारचाचणीआधी रिकाम्या पुलाची दिवसभराची हालचाल नोंदवण्याची जी जुनी शिस्त आहे, ती पाळा. पहिले चोवीस तास पूल रिकामा ठेवा आणि दर तासाला दोनच आकडे लिहा, तरंगलांबी आणि तापमान. चोवीस तास झाले की दोन्हींचा एकमेकांसमोर आलेख काढा. सकाळी चढताना आणि रात्री उतरताना रेष एकाच वाटेने गेली, आणि तिचा चढ काचेचा भास आणि पोलादाची मोकळी वाढ यांच्या बेरजेशी जुळला, तर सेन्सर नीट बसला आहे आणि पूल मोकळेपणाने हलतो आहे. वाटा वेगळ्या पडल्या, तर एपॉक्सी तपासा आणि साक्षीदार सावलीत तर नाही ना ते पाहा. रेष एकच असून चढ कमी भरला, तर शिडी लावा आणि बेअरिंगकडे पाहून या. एकही वाहन न नेता पुलाने तुम्हाला काहीतरी सांगितलेले असेल.

पुणे, वैशाख